शोषितांचा आवाज कसा मिळवावा: जाम चौरस्ता ते पीएच.डी.

आकडेवारी बघितली की डोकं गरगरतं, आणि संस्थाचालकांनी मात्र पीएच.डी. करा म्हणून तगादा लावलाय? घाबरू नका. तुमच्यासाठी गुणात्मक संशोधन आहे, आणि त्यातही सध्या जोरात असलेलं चिकित्सक गुणात्मक संशोधन. साध्या गुणात्मक संशोधनात लोक काय म्हणतात ते ऐकून समजून घ्यायचं असतं. चिकित्सक प्रकारात ते असं का म्हणतात, त्यामागे कोणाची सत्ता उभी आहे आणि ती कशी उलथवायची, हेही सांगायचं असतं. सत्ता उलथवण्याआधी विभागप्रमुखांची सही लागते. तेवढी एक गोष्ट सोडली तर मार्ग मोकळा आहे.

पुढच्या सूचना दिलेल्या क्रमानेच पाळा. क्रम चुकला तर हातून खरंच संशोधन होण्याचा धोका आहे.

१. निष्कर्ष आधी काढून ठेवा

नवशिके इथेच फसतात. आधी लोकांकडे जायचं, ऐकायचं, मग विचार करायचा, असा त्यांचा भाबडा समज असतो. तुम्हाला नोंदणीसाठी आराखडा द्यायचा आहे आणि आराखड्यात 'गृहीतके' नावाचा रकाना असतो. गुणात्मक संशोधनात गृहीतक मांडून ते सिद्ध करायचं नसतं, समज माहितीतून हळूहळू घडू द्यायची असते, असं ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्येच लिहून ठेवलं आहे. ते पुस्तक संदर्भसूचीत अवश्य घाला, समितीसमोर मात्र काढू नका. समितीपुढे रकाना भरलेला हवा. भरा: 'कापूस वेचणाऱ्या महिलांचे शोषण होत असावे.' यातलं 'असावे' महत्त्वाचं. त्यावर तुमची पुढची पाच वर्षं उभी आहेत.

२. शीर्षक लांब ठेवा

शीर्षकात एक अपूर्णविराम, एक जिल्हा आणि शेवटी 'एक चिकित्सक अध्ययन' हवंच. 'जाम परिसरातील कापूस वेचणाऱ्या महिलांचे जीवनानुभव, सत्तासंबंध व प्रतिकार: एक चिकित्सक अध्ययन (विशेष संदर्भ: समुद्रपूर तालुका, जि. वर्धा)' हे चांगलं शीर्षक झालं. मार्गदर्शकांना ते एका दमात वाचता आलं तर अजून दोन शब्द घाला.

३. क्षेत्र निवडा, म्हणजे रस्ता बघा

जामच का, असा प्रश्न तोंडी परीक्षेत येणार. खरं उत्तर मनात ठेवा: बस थांबते. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग, ज्याला जुने ड्रायव्हर अजून सात नंबरच म्हणतात, तो जामवरून जातो. नागपूरहून निघालं की इथून सरळ हिंगणघाट आणि पुढे हैदराबाद. इथेच वरोरा-चंद्रपूरकडे फाटा फुटतो. ताडोबाला वाघ बघायला निघालेल्या गाड्या आलुबोंड्यासाठी इथे थांबतात, तशाच तुम्हीही थांबा. सकाळी नागपुरातून निघून, दुपारपर्यंत शोषितांचा आवाज घेऊन, संध्याकाळी घरी चहाला पोहोचता येईल असं दुसरं ठिकाण त्या मार्गावर मिळणं कठीण.

प्रबंधात मात्र असं लिहा: 'जाम हे सेवाग्राम आणि आनंदवन या दोन प्रयोगभूमींच्या मधोमध वसलेलं, जागतिक भांडवलाच्या प्रवाहाला छेदणारं संक्रमणस्थळ आहे.' भांडवलाचा प्रवाह म्हणजे त्या रस्त्याने रात्रंदिवस जाणारे ट्रक. परिसरात कापडगिरणी आहे, हिंगणघाटचा कापूसबाजार जवळ आहे, आजूबाजूला पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर आहे. म्हणजे बोंडापासून कापडापर्यंतची सगळी साखळी एका चौकातून दिसते. ती न बघता लिहायची, हे तुमच्यापुढचं खरं आव्हान.

४. सैद्धांतिक चौकट बसवा

फूको, ग्राम्शी, फ्रेरी आणि स्पिवाक ही चार नावं पुरतात. स्पिवाकबाईंचा १९८८ चा निबंध मुळातून वाचायची गरज नाही. त्याचं शीर्षक एका प्रश्नाचं आहे आणि प्रश्न उद्धृत केला की उत्तर तुमच्या प्रबंधात आहे असं वाचणारा धरून चालतो.

भारतीय परंपरेसाठी महात्मा फुले यांना एक परिच्छेद द्या. त्याहून जास्त देऊ नका, कारण फुल्यांच्या नादाने चांगली मुलं बिघडतात. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. तो आज संशोधन समितीपुढे आला असता तर काय झालं असतं, याची उजळणी करून ठेवा, म्हणजे त्यांच्या चुका तुमच्याकडून होणार नाहीत. पहिली चूक: नमुना किती, ते कुठेच सांगितलेलं नाही. दुसरी: कलेक्टरच्या तंबूवरून हताश होऊन परतणारा एकच शेतकरी आणि त्याचं घरदार इतक्या बारकाईने रंगवलं आहे की त्या वर्णनाचं कोष्टक करता येत नाही. तिसरी आणि सगळ्यात गंभीर: लिहून झालेला मजकूर ते जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावांत जाऊन ज्यांच्याविषयी लिहिला त्यांनाच वाचून दाखवत होते. सयाजीराव गायकवाडांनाही त्यांनी तो ऐकवला. आज याला 'माहितीदारांकडून पडताळणी' असं भारदस्त नाव आहे आणि पद्धतीच्या प्रकरणात त्यावर पाऊण पान लिहावं लागतं. लिहावं लागतं म्हणजे पाऊण पान. गावात जाऊन वाचावं लागत नाही.

प्रकाशनाच्या बाबतीतही फुले कच्चे. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या 'दीनबंधू'ने 'असूडा'ची सुरुवातीची दोन प्रकरणं छापली आणि पुढे हात आखडता घेतला. लेखक संपादकावर संतापले. तुम्ही असं वागू नका. संपादकाने काढायला सांगितलेलं वाक्य लगेच काढा, सत्तेची चिकित्सा दुसऱ्या वाक्यात करा.

त्र्यंबक नारायण अत्र्यांचा 'गावगाडा' (१९१५) हाही असाच फसलेला नमुना. गावातला प्रत्येक माणूस काय करतो, कोणाकडून काय घेतो, कोणाला काय देतो, हे सगळं त्यात आहे, नाही तो फक्त साहित्याचा आढावा. आणि तुम्ही निवडलेल्याच जिल्ह्यात राहिलेले जे. सी. कुमारप्पा! वर्ध्याच्या मगनवाडीत राहून मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या उद्योगांच्या पाहणी समितीचं अध्यक्षपद सांभाळलं, गावोगावची माहिती जमवली, १९३९ मध्ये अहवाल दिला. त्यांना शिफारशी खरोखर अमलात याव्यात असं वाटत होतं. ही वृत्ती प्रबंधाला मारक आहे.

५. माहितीदार पकडा

'हेतुपुरस्सर नमुना निवड' म्हणजे चहाच्या टपरीवर जो रिकामा दिसेल तो. त्याने ज्याला हाक मारली तो दुसरा. याला 'स्नोबॉल' पद्धत म्हणतात. गोळा मोठा होऊ देऊ नका, परतीची बस असते.

संमतिपत्र इंग्रजीत ठेवा. त्यात 'आपण कोणत्याही क्षणी सहभाग मागे घेऊ शकता' हे वाक्य असतं. माणसाला ते वाचता आलं तर तो खरोखर मागे घेईल.

आता एक इशारा. तुमचा समज असेल की तुम्ही अनाघ्रात क्षेत्रात निघाला आहात. वर्धा जिल्ह्यात असं क्षेत्र उरलेलं नाही. २००५-०६ च्या सुमारास शेतकरी आत्महत्यांवर टाटा समाजविज्ञान संस्थेने उच्च न्यायालयाच्या आदेशावरून अभ्यास केला, इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने केला, नियोजन आयोगाचं पथक येऊन गेलं. याच जिल्ह्यातल्या डोरली गावाने 'गाव विकणे आहे' असं जाहीर केलं तेव्हा कॅमेरे धावले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं, त्यात वर्धा होता. मग त्या पॅकेजचं काय झालं याचे अभ्यास झाले. मग २००८ ची कर्जमाफी, २०१७ ची दीड लाखांपर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, फुल्यांच्याच नावाची. प्रत्येकीसोबत फॉर्म आले आणि फॉर्ममागून तुमच्यासारखे आले. परिणामी समोरचा माणूस मुलाखत देण्यात तुमच्यापेक्षा मुरलेला आहे. संवाद साधारण असा होईल:

'काकाजी, तुमच्या जीवनानुभवाविषयी थोडं बोलाल का?'

'कोन्ता फारम हाय हा?'

'फॉर्म नाही, संशोधन आहे.'

'याच्यानं काई भेटते काय?'

'नाही, म्हणजे तुमचा आवाज शासनापर्यंत...'

'मंग लिवा. खर्च जास्त, भाव कमी, सावकार, पोरीचं लगन. मागच्या सरनं सावकार वरतं लिवला होता. तुमी खाली लिवलं तरी चालते.'

घाबरू नका. तुमच्या प्रकरण चारची सगळी उपशीर्षकं त्याने तुम्हाला दीड मिनिटात दिली. कृतज्ञता व्यक्त करा आणि चहाचे पैसे त्यालाच देऊ द्या. तो आग्रह करतोच, आणि आदरातिथ्य नाकारणं हा सांस्कृतिक उद्धटपणा ठरतो.

६. महिलांच्या मुलाखती

तुमच्या शीर्षकात महिला आहेत आणि टपरीवर पुरुष बसलेले आहेत, ही तांत्रिक अडचण आहे. सोपा उपाय असा की नवऱ्याला विचारा, तो बायकोच्या वतीने सविस्तर सांगतो. प्रबंधात त्याला 'पितृसत्ताक मध्यस्थीतून प्राप्त झालेलं कथन' म्हणा. परीक्षक खूश होतात.

मार्गदर्शक अगदीच हट्टी निघाले तर शेतात जावं लागेल. दिवाळीच्या आगेमागे जा, वेचणी भरात असते. बाया कमरेला फडकं बांधून ओळीने पुढे सरकत असतात, दोन्ही हातांनी बोंडातून कापूस ओढत. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटांची कातडी फाटते. मजुरी किलोवर असते, संध्याकाळी काटा होतो आणि काट्यावर जेवढं भरलं तेवढेच पैसे. म्हणजे तुमच्या 'सखोल, मुक्त, अर्धसंरचित' तासाभराच्या मुलाखतीची किंमत तिच्यासाठी काही किलो कापूस आहे. संमतिपत्रात 'या संशोधनात सहभागी होण्यात कोणताही धोका नाही' असं छापलेलं असतं, ते तसंच राहू द्या.

ती थांबणार नाही. 'बोला मॅडम, पन माहा हात चालू राहू द्या,' म्हणेल. तुम्ही धुऱ्यावर बसा. ती दहा पावलं पुढे गेली की रेकॉर्डरवर फक्त वारा आणि पऱ्हाटीची खसखस येईल. लिप्यंतर करताना तिथे '(दीर्घ मौन)' असं लिहा आणि मौनाचा अर्थ लावा. या मौनावर स्वतंत्र शोधनिबंध होतो. बाई तिकडे शेजारणीशी एकसारखी बोलत होती, मुकादमाच्या काट्यात किती मारतात ते सांगत होती, पण ते तुमच्या प्रश्नावलीत नव्हतं.

निघताना हातात बोंड धरून एक फोटो काढून घ्या. परिशिष्टात लागतो.

७. स्वतःची भूमिका स्पष्ट करा

चिकित्सक संशोधनात संशोधकाने स्वतःची जात, वर्ग, लिंग आणि त्यातून येणारी सत्ता कबूल करायची असते. खूप उदात्त कल्पना आहे, अर्ध्या पानात बसते. नमुना देतो, रिकाम्या जागा भरा: 'मी एक ______, शहरी, ______ संशोधक असून माझ्या ______ मुळे माहितीदारांशी असमान सत्तासंबंध निर्माण झाले असण्याची मला जाणीव आहे.' जाणीव आहे म्हटलं की काम संपतं. पुढे कोणी विचारलं तर या पानाकडे बोट दाखवा.

सत्तासंबंधांच्या या यादीत मार्गदर्शक, विभागप्रमुख, संस्थाचालक आणि तुमची तासिका तत्त्वावरची नेमणूक यांचा उल्लेख करू नका. चिकित्सा नेहमी धुऱ्यापलीकडच्या माणसांची करावी. शिष्यवृत्तीचे पैसे महिनोन्‌महिने अडकून पडले असतील, तुम्ही स्वतः कोणाच्या तरी अभ्यासाचा चांगला नमुना ठरत असाल, तरीही नको. त्यासाठी दुसरा कोणी संशोधक येईल. त्यालाही चहा पाजा.

८. विश्लेषण

ब्राउन आणि क्लार्क यांच्या २००६ च्या लेखात आशयसूत्रं शोधण्याच्या सहा पायऱ्या दिल्या आहेत. तुमच्याकडे तीन रंगांचे हायलाइटर असतील तर तीन पायऱ्या करा. निष्कर्ष पहिल्या सूचनेतच काढून ठेवलेला आहे, त्यामुळे पिवळा रंग कुठे मारायचा ते शोधावं लागत नाही. 'आशयसूत्रे माहितीतून आपोआप उदयास आली' असं लिहा. सूत्रं अशी आपोआप उगवत नसतात, ती संशोधक शोधतो, असं त्याच लेखात बजावलेलं आहे, पण तिथवर कोणी वाचत नाही.

मुलाखती किती घ्यायच्या? 'संपृक्तता' येईपर्यंत, म्हणजे नवीन काही निघेनासं होईपर्यंत. ही अवस्था रजा संपण्याच्या आदल्या दिवशी येते.

बाहेरून येणारे परीक्षक आकड्यांच्या घराण्यातले असतील तर एक कोष्टक टाकाच. बारा बायांपैकी सात जणी होय म्हणाल्या तर '५८.३३ टक्के' लिहा. दशांश चिन्हानंतर दोन अंक आले की गुणात्मक संशोधनालासुद्धा वजन येतं.

९. शिफारशी आणि तोंडी परीक्षा

शेवटच्या प्रकरणात शिफारशी द्याव्या लागतात. त्या सगळ्या शासनाला उद्देशून असाव्यात: शासनाने जनजागृती करावी, समुपदेशन केंद्रं उघडावीत, महिलांना सक्षम करावं. काटा तपासावा, अशी शिफारस करू नका. ती अमलात येण्यासारखी आहे, आणि मग कोणीतरी विचारायला येतं. किलोचा दर वाढवा असंही म्हणू नका. केंद्राने २०२४-२५ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये ठरवला होता. त्यातला किती वाटा वेचणाऱ्या हाताला जातो, हे मोजायला बसलात तर तो अर्थशास्त्राचा विषय होईल आणि तुमचा विषय बदलला म्हणून पुन्हा मान्यता घ्यावी लागेल.

साम्य तपासणीत दहा टक्क्यांपर्यंत माफ आहे, २०१८ च्या नियमावलीत तसं स्पष्ट आहे. हे दहा टक्के कुठे वापरायचे ते नीट ठरवा. बहुतेक जण सैद्धांतिक चौकटीत उडवून टाकतात आणि प्रास्ताविकात उघडे पडतात.

तोंडी परीक्षेला परीक्षक दोन प्रश्न विचारतात. 'जामच का?' याचं उत्तर तिसऱ्या सूचनेत आहे. दुसरा प्रश्न, 'यात नवीन काय?' त्यावर नम्रपणे हसून 'सर, आपल्या पुस्तकातूनच प्रेरणा घेतली' म्हणा. जेवणात सावजी ठेवायचं की साधं, ते आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या.

१०. पदवी मिळाल्यानंतर

अभिनंदन. नावामागे डॉक्टर लागलं, पदोन्नतीचा अर्ज गेला, शोषितांचा आवाज बांधणी होऊन ग्रंथालयात पोहोचला. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण आता प्रबंधाची ई-प्रत 'शोधगंगा'वर जाते आणि शोधगंगा कोणालाही, कुठूनही, एक पैसा न देता वाचता येते. जामच्या चौकात मोबाइलची रेंज चांगली आहे. काकाजींचा नातू वर्ध्याला कॉलेजात शिकतो आणि आजोबांना फोनवर मोठ्या आवाजात वाचून दाखवू शकतो.

म्हणून प्रत जमा करण्याआधी माहितीदारांच्या यादीचं पान पुन्हा एकदा काढा. तिथे तुम्ही लिहिलं आहे: 'माहितीदार क्र. ४, रामभाऊ (नाव बदलले आहे), वय ६१, पाच एकर कोरडवाहू, धाकटा मुलगा गिरणीत कामाला, चौरस्त्यामागच्या दुसऱ्या गल्लीत निळ्या रंगाचं घर, दारात कडुलिंब.' नाव तेवढं बदललं आहे. घर, कडुलिंब आणि मुलगाही बदला. एकदा अपलोड झालं की दुरुस्तीसाठी परत विभागप्रमुखांची सही लागते.